शताधिपतीचे सभास्थान : बेने इस्राएल समाज, अक्षय दान आणि ख्रिस्ती मंडळीचे ऋण

आपल्या मंडळ्यांतील वयोवृद्ध सभासद मृत्युपत्र करण्याच्या सुमारास पाळकांचा सल्ला घेतात, ही जुनी रीत आहे. घर कोणास द्यावे, शेत कोणास द्यावे, हे कुटुंबात ठरते. देवाच्या कार्यासाठी काय मागे ठेवावे, हा प्रश्न मात्र पाळकांपुढे येतो. त्याची उत्तरे बहुधा ठरलेली असतात : उपासनामंदिराचा जीर्णोद्धार, वसतिगृह, रुग्णालय, पाळकनिधी. ही उत्तरे योग्यच आहेत. परंतु येथे आम्ही एक निराळा प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ख्रिस्ती मनुष्याने आपल्या ठेवीचा काही अंश यहूदी समाजाच्या सभास्थानासाठी, शाळेसाठी किंवा वृद्धांसाठी मागे ठेवावा काय? ठेवल्यास तो कोणत्या भावनेने ठेवावा? प्रश्न नवखा वाटला तरी त्याची मुळे आपल्या देशाच्या इतिहासात आणि नव्या करारात खोलवर गेलेली आहेत.

१. दगडावरचे व तांब्यावरचे दान

मागे उरणारे दान ही कल्पना आपल्याकडे पाश्चात्यांबरोबर आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेतच एका अखंड खडकात कोरलेले चतुर्भुजाचे छोटे देवालय लागते. प्रतिहार राजा भोज याच्या काळी, किल्ल्याचा अधिकारी अल्ल याने ते करविले. तेथील विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ च्या शिलालेखात नगराने केलेल्या दानाची नोंद आहे. फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद भूमी दिली. माळ्यांनी रोज ५० माळा पुरवावयाच्या आणि तेल्यांनी घाण्यामागे ठराविक तेल दिव्यासाठी द्यावयाचे, असा त्यात नेम आहे. शून्य हा अंक स्पष्टपणे कोरलेला आढळणाऱ्या भारतातील जुन्या लेखांत याची गणना होते. म्हणून गणिताचे अभ्यासक त्यास मोठा मान देतात.

मुद्दल मोडू नये, त्याच्या उत्पन्नातून सेवा अखंड चालावी, अशा दानास प्राचीन लेखांत अक्षयनीवी असे नाव आहे. ग्वाल्हेरचे दान त्याच जातीचे. मात्र 'अक्षय' या शब्दाचा अर्थ इतिहासाने कसा लावला, हेही त्याच दगडावर वाचावयास मिळते. माळा गुंफणारे ते माळी व घाणा चालविणारे ते तेली काळाच्या ओघात गेले आणि त्यांचा नेमही त्यांच्याबरोबर गेला. आकडे राहिले, माळा राहिल्या नाहीत. दान टिकावयाचे तर केवळ भूमी व लेख पुरत नाही, ते चालविणारी माणसे लागतात. या लेखातील पुढील सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

ग्वाल्हेरचा लेख कोरला गेला त्यापूर्वी २७ वर्षे, इ. स. ८४९ मध्ये, दक्षिणेत केरळातील कोल्लम येथे एक ताम्रपट लिहिला गेला. वेणाडचा अधिपती अय्यन अडिगळ याने मारुवान सापीर ईशो याने स्थापिलेल्या तरिसा मंडळीस भूमी, कुळे व हक्क दिले. भारतातील ख्रिस्ती मंडळीस मिळालेल्या दानांचा हा फार जुना लेखी पुरावा होय. त्याच्या शेवटी साक्षीदारांच्या सह्या आहेत. काही अरबी लिपीत आहेत, काही पहलवीत आहेत आणि काही इब्री लिपीत आहेत. इब्री लिपीतील सह्या अर्थातच यहूदी व्यापाऱ्यांच्या. शिवाय मंडळीच्या हक्कांचे रक्षण अंजुवण्णम व मणिग्रामम या व्यापारी संघांकडे सोपविले होते. त्यांपैकी अंजुवण्णम हा पश्चिम आशियातून आलेल्या व्यापाऱ्यांचा संघ असून त्यात यहूदीही असत, असे अनेक अभ्यासक मानतात.

याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. भारतात ख्रिस्ती मंडळीस मिळालेल्या दानपत्रावर यहूदी हाताची सही आहे. मंडळीची ठेव सुरक्षित राहावी म्हणून ज्यांनी आपले नाव तांब्यावर उमटविले, त्यांत इस्राएलाची संतती होती. पुढे सुमारे इ. स. १००० मध्ये राजा भास्कर रविवर्मन याने योसेफ रब्बान या यहूदी पुढाऱ्यास ताम्रपट देऊन मानमरातब व हक्क वंशपरंपरेने बहाल केले. एकाच किनाऱ्यावर दोन्ही समाज आश्रयास आले आणि एकाच प्रकारच्या लेखाने स्थिरावले. साक्षीचे हे ऋण मंडळीच्या वहीत आजवर कोणी मांडलेले दिसत नाही.

२. शनिवार तेली

आता मराठी मुलखाकडे वळू. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असता चौलजवळ नवगाव येथे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांस तेथेच मूठमाती देण्यात आली. हे लोक अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत गावोगाव पसरले. किहीमचे ते केहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, अशी आडनावे त्यांनी घेतली. त्यांचा मुख्य व्यवसाय तेल गाळण्याचा होता आणि शब्बाथ दिवशी ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्याजवळ धर्मशास्त्राची गुंडाळी नव्हती आणि इब्री भाषा जवळजवळ विसरली गेली होती. तरीही शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि 'शेमा' ही कबुली त्यांनी पिढ्यानुपिढ्या सोडली नाही. एलीया संदेष्ट्याचे नाव घेऊन मलिदा करण्याची त्यांची चाल आजही आहे.

या समाजाच्या पहिल्या मोठ्या दानाचा इतिहास शमुवेल यहेज्केल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, यांच्यापाशी सुरू होतो. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. १७८० ते १७८४ च्या म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या हाती सापडले. सुटका झाल्यास परमेश्वरासाठी सभास्थान बांधीन, असा त्यांनी नवस केला होता, असे समाजाची परंपरा सांगते. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईत मांडवी भागात १७९६ साली 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार, हे सभास्थान उभारले. मुंबईतील यहूद्यांचे ते पहिले सभास्थान. बेने इस्राएल लोक बोलीभाषेत सभास्थानास मशीद म्हणत. जवळच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे पुष्कळजण सांगतात. त्या भागातील सॅम्युएल स्ट्रीट हा रस्ता दिवेकरांच्या नावाचा. नव्या सभास्थानासाठी धर्मशास्त्राची गुंडाळी आणावी म्हणून ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच निवर्तले.

दिवेकर काही कोट्यधीश नव्हते. त्यांचे दान शिपाईगिरीच्या मिळकतीतले. परंतु त्या एका इमारतीने विखुरलेल्या कोकणी कुटुंबांना एकत्र येण्याचे ठिकाण दिले. पुढील शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे येथे एकामागून एक सभास्थाने उभी राहिली, ती समाजाच्या अशाच लहानमोठ्या वर्गण्यांवर.

३. मिशनचे दान आणि त्यामागील अपेक्षा

दिवेकरांच्या सभास्थानानंतर दोन दशकांच्या आतच या समाजाची आपल्या मिशनांशी गाठ पडली. हा भाग आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ पासून सुरू झाले. मिशनने मुंबईत व कोकणात मराठी शाळा काढल्या. त्यांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने आली आणि त्या समाजातील पुरुष शिक्षक म्हणूनही नेमले गेले. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले. त्यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली आणि पुढे बेने इस्राएलांविषयी अभ्यासपूर्ण लेखनही केले. मराठी बोलणाऱ्या यहूद्यास त्याच्या पूर्वजांची भाषा त्याच्या मातृभाषेतून शिकता यावी, ही सोय एका ख्रिस्ती मिशनऱ्याने केली. जुना करार मराठीत आला तोही मिशनांच्याच परिश्रमाने. त्यामुळे मोशे, दावीद व यशया या समाजातील सामान्य घरांत मराठीतून वाचले जाऊ लागले.

हे खरोखर दान होते, यात शंका नाही. परंतु त्यामागे अपेक्षाही होती. हे लोक मशीहाला ओळखतील, मंडळीत येतील, या आशेने शाळा चालत होत्या. ती आशा फारशी फळास आली नाही. मुले शिकली, इब्री वाचू लागली आणि त्या ज्ञानाच्या बळावर आपल्या पितरांच्या धर्मात अधिक दृढ झाली. मुंबईच्या फ्री जनरल असेंब्ली संस्थेत शिकलेले योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) पुढे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी यहूदी प्रार्थनांची व धर्मग्रंथांची मराठी भाषांतरे करून समाजाच्या हाती दिली. मिशनच्या वर्गात मिळालेली इब्री भाषा सभास्थानाच्या कामी आली.

तत्कालीन मिशनच्या हिशेबाने पाहता हा खर्च वाया गेला असे कोणी म्हणाले असते. आमच्या मते तसे नाही. मंडळीने द्यावे एका हेतूने आणि देवाने ते वापरावे दुसऱ्या हेतूने, असे पवित्र शास्त्रात अनेकदा घडले आहे. मिशनच्या शाळांनी नकळत इस्राएलाच्या एका हरवत चाललेल्या शाखेस तिची भाषा परत मिळवून दिली. या देणगीचे खरे मोल आपणास तेव्हा कळले नाही, कारण आपली दृष्टी मोबदल्यावर होती. हाईम शमुवेल केहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा मिशनऱ्यांनी केलेल्या शिक्षणकार्याची त्यात आदराने नोंद केली. घेणाऱ्याने कृतज्ञता राखली. अपेक्षापूर्तीचे बंधन मात्र मानले नाही. यात घेणाऱ्याचा काही दोष आहे असे आम्हास वाटत नाही.

हेच केहीमकर (जन्म १८३०) व त्यांचे सहकारी यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. इंग्रजीबरोबर इब्री शिकविणे, आणि तेही आपल्या धर्मश्रद्धेत, हा तिचा उद्देश. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला साहाय्य केले. पुढे बगदादमध्ये जन्मलेले व हाँगकाँग–शांघायमध्ये व्यापार करणारे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेस त्यांचे नाव मिळाले. केहीमकरांचे इतिहासाचे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या दोन ठेवी म्हणजे एक शाळा व एक हस्तलिखित. दोहोंनाही सांभाळणारी माणसे भेटली म्हणूनच त्या आज आपल्यापर्यंत पोहोचल्या.

४. ससून घराण्याची दानपत्रे

मराठी प्रांतातील यहूदी दान म्हटले की ससून घराण्याचे नाव प्रथम आठवते. डेव्हिड ससून (१७९२–१८६४) बगदादहून निघून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थायिक झाले. त्यांनी भायखळ्यास 'मागेन डेव्हिड' हे सभास्थान बांधले आणि पुण्यात 'ओहेल डेव्हिड' सभास्थानाचे काम १८६३ मध्ये सुरू केले. ते १८६७ मध्ये पूर्ण झाले, परंतु त्यापूर्वीच, १८६४ मध्ये, ससून पुण्यात वारले. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. पुणेकर त्या वास्तूस 'लाल देऊळ' म्हणतात. त्यांच्या देणगीचा आधार मिळालेले ससून रुग्णालय सर्व जातिधर्मांच्या लोकांसाठी होते. पश्चिम महाराष्ट्रातील किती ख्रिस्ती कुटुंबांची बाळंतपणे व शेवटची आजारपणे तेथे झाली असतील, याची गणती कोण करणार? यहूदी हातांनी दिलेल्या दानातून आपल्या मंडळीने घेतलेला हा लाभ आहे आणि त्याचे ऋण मंडळीने कधी बोलून दाखविलेले नाही.

त्यांचे नातू सर जेकब ससून (१८४३–१९१६) यांनी आपले वडील एलायस यांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये मुंबईच्या कोट भागात 'केनेसेथ एलियाहू' सभास्थान बांधले. त्यांना वारस संतती उरली नव्हती. त्यांनी केलेल्या विश्वस्त निधींतून मुंबईतील सभास्थाने, शाळा व यहूदी गरजूंची मदत दीर्घकाळ चालली. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या उभारणीसही त्यांनी मोठी रक्कम दिली. संतती नसलेल्या मनुष्याने समाजालाच संतती मानल्याचे हे उदाहरण होय.

मात्र इतिहासकाराने गौरवाबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. बगदादी यहूदी व बेने इस्राएल यांच्यात पुढे अंतर पडले. १८३६ मध्ये मुंबईच्या दफनभूमीत दोहोंच्या मध्ये भिंत असावी, असा अर्ज बगदादींकडून सरकारकडे गेला होता. काही ठिकाणी बेने इस्राएल पुरुषांना प्रार्थनेच्या दहा जणांत मोजण्यास ते कांकू करीत. दानपत्रात 'यहूदी' हा शब्द लिहिला तरी त्यात कोण येतो, हा वाद उरतोच. आपल्याही मंडळ्यांत एकेकाळी दफनभूमीच्या रांगा आणि बाकांच्या जागा जातीवर ठरत होत्या, हे आठवले म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचे धैर्य होत नाही. दानपत्रातील एका शब्दाने किती जण आत येतात व किती बाहेर राहतात, एवढा बोध येथून घ्यावा.

५. माणसे गेल्यावर

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य तिकडे गेले. तेथेही त्यांच्या यहूदीपणाविषयी धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतल्या. १९६४ मध्ये त्या देशाच्या शासनाने ते सर्व दृष्टींनी यहूदी आहेत असे जाहीर केले, तेव्हा तो वाद शमला. आज साऱ्या भारतात यहूद्यांची संख्या चार-पाच हजारांच्या आसपास आहे. त्यांतील मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे व रायगड येथे राहतो. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने या समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

अशा स्थितीत जुन्या दानांचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ससून व कदूरी यांच्या नावाच्या शाळांत यहूदी मुले फार थोडी उरली; बाके इतर समाजांच्या मुलांनी, विशेषतः मुसलमान मुलांनी, भरली. यहूदी संस्थेत मुसलमान मूल शिकते, ही गोष्ट आजच्या जगात किती मोलाची आहे हे वेगळे सांगावयास नको. 'केनेसेथ एलियाहू'ची जीर्ण झालेली इमारत २०१९ मध्ये पुन्हा पूर्ववत झाली, ती समाजाच्या विश्वस्तांबरोबरच समाजाबाहेरच्या संस्थांनी हात दिल्यामुळे. कोकणातील सभास्थाने मात्र मोजक्या कुटुंबांच्या भरवशावर आहेत. सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. ते जमले नाहीत तर दार उघडे असूनही ती प्रार्थना होत नाही.

ग्वाल्हेरच्या खडकावर जे घडले तेच येथे घडू शकते : लेख राहील, माळा राहणार नाहीत. समाज थोडा उरला असता त्याला पैशांइतकीच शेजाऱ्यांची गरज असते. हे शेजारी कोण? त्यांत आपण आहोत काय?

६. पवित्र शास्त्राचा आधार

नव्या करारात परराष्ट्रीयाने यहूद्यांना केलेल्या दानाचे एक ठळक उदाहरण आहे. कफर्णहूमच्या शताधिपतीचा दास आजारी पडला, तेव्हा यहूद्यांचे वडील येशूकडे रदबदली करण्यास गेले. हा मनुष्य आमच्या राष्ट्रावर प्रीती करतो आणि आमच्यासाठी सभास्थान यानेच बांधले, हे त्यांनी कारण दिले (लूक ७:१-१०). कफर्णहूमच्या सभास्थानात प्रभू स्वतः शिकवीत असे (लूक ४:३१-३८, योहान ६:५९). ते हेच सभास्थान असेल, तर एका परराष्ट्रीय शिपायाच्या दानाने उभारलेल्या छपराखाली प्रभूची वाणी ऐकू आली, असे म्हणावे लागेल. आज तेथे दिसणारे पांढऱ्या दगडाचे अवशेष नंतरच्या शतकांतले आहेत. परंतु त्यांच्याखाली काळ्या दगडाचा जुना पाया आहे आणि तो प्रभूच्या काळचा असावा असे काही संशोधकांचे मत आहे.

त्या शताधिपतीने अट घातल्याचे कोठेही लिहिलेले नाही. यहूद्यांनी आपले दैवत मानावे किंवा रोमचे गुण गावे, यासाठी त्याने बांधकाम केले नाही. ज्यांची उपासना होती तिच्यासाठीच त्याने जागा दिली. प्रभूने त्याच्या विश्वासाची प्रशंसा केली. त्याच्या दानास त्याने नावे ठेवली नाहीत.

दुसरा आधार पौलाचा. मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी काढली, तेव्हा ती देणे हे त्यांचे ऋणच होते, असे तो लिहितो, कारण आध्यात्मिक गोष्टींत ते इस्राएलाचे भागीदार झाले होते (रोम. १५:२५-२७). ही मदत यहूदी जातीच्या ख्रिस्ती जनांसाठी होती, हे खरे. म्हणून हे वचन सरसकट लावू नये, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु फेलिक्सपुढे बोलताना तोच पौल आपल्या राष्ट्रासाठी दानधर्म घेऊन आल्याचे सांगतो (प्रेषितांची कृत्ये २४:१७). शिवाय जैतुनाच्या झाडाच्या दृष्टांतात कलम केलेल्या फांदीने मुळासमोर अभिमान मिरवू नये, अशी त्याने ताकीद दिली आहे (रोम. ११:१७-१८). मुळाला पाणी घालणे हे फांदीला कमीपणाचे नाही.

इब्री भाषेत दानाला 'सदाका' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ न्यायीपणात आहे. दान म्हणजे उपकार नव्हे, द्यावयाचे होते ते दिले, अशी ही दृष्टी. बाराव्या शतकातील आचार्य मायमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणारा स्वतःच्या पायांवर उभा राहील असे साहाय्य ही त्यांत सर्वांत वरची. या शिकवणीत आणि उजव्या हाताचे डाव्यास कळू नये या प्रभूच्या आज्ञेत (मत्तय ६:३) किती जवळीक आहे, हे उपदेश तयार करताना पाळकांनी अवश्य पाहावे.

मंडळीनेही या बाबतीत आपली वृत्ती हळूहळू सुधारली आहे. १९४८ च्या ॲम्स्टरडॅम येथील जागतिक चर्च परिषदेने यहूदीद्वेष हे देवाविरुद्ध व मनुष्याविरुद्ध पाप आहे असे म्हटले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या द्वेषाचा निषेध केला. युरोपच्या मंडळीस हे शिकण्यासाठी भयानक किंमत पाहावी लागली. भारतात यहूद्यांवर ख्रिस्ती छळ झाला तो मुख्यतः पोर्तुगीज सत्तेत, गोव्याच्या धर्मन्यायालयाच्या काळी. त्या न्यायालयाची आठवणही आपल्या ऋणाच्या खात्यात धरली पाहिजे.

७. पाळकांसाठी काही व्यावहारिक सूचना

दान देऊ इच्छिणाऱ्यास मार्ग दाखविताना कायद्याची ओळख असावी. ख्रिस्ती व यहूदी या दोहोंची मृत्युपत्रे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालीच येतात; या बाबतीत दोघे एकाच छपराखाली आहेत. या अधिनियमाच्या ११८ व्या कलमाने पूर्वी ख्रिस्ती मनुष्याच्या धर्मदायावर मोठे बंधन होते. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असल्यास, मृत्यूपूर्वी किमान १२ महिने आधी मृत्युपत्र केलेले असावे आणि ते सहा महिन्यांच्या आत कायद्याने नेमलेल्या ठिकाणी जमा करावे. नाहीतर धर्मदाय निष्फळ ठरे. केरळातील एका धर्मगुरूंनी यास आव्हान दिले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द ठरविले. जुन्या समजुतीने अजूनही काही वृद्ध मागे सरतात. त्यांना ही माहिती द्यावी.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. ज्यास त्यातून लाभ मिळावयाचा आहे त्याने किंवा त्याच्या पतिपत्नीने साक्षी होऊ नये. तसे झाल्यास त्याचा लाभ बुडतो. दान कोणत्या नोंदणीकृत विश्वस्त निधीस द्यावयाचे, त्याचे नाव अचूक लिहावे. 'यहूद्यांच्या भल्यासाठी' असे मोघम लिहिल्यास काय घोटाळा होतो, हे आपण पाहिले आहे. उद्देश लिहिताना फार आखूड दोरी बांधू नये. एका गावाच्या सभास्थानासाठी ठेवलेली रक्कम, तेथे उपासक न उरल्यास, दफनभूमीची देखभाल, इब्री व मराठी हस्तलिखितांचे जतन किंवा वृद्धांची शुश्रूषा यांस लावता यावी, अशी तरतूद दात्यानेच करावी. तशी न केल्यास न्यायालय मूळ हेतूच्या जवळचा हेतू ठरवू शकते. परंतु त्यात वर्षे जातात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, देण्यापूर्वी त्या समाजाच्या विश्वस्तांना भेटून काय हवे ते विचारावे. त्यांना नको असेल तर आग्रह धरू नये. भूतकाळ ध्यानी घेता त्यांनी शंका घेतली तर ती स्वाभाविक मानावी. दानाबरोबर पत्रके, शिकवण्या किंवा दात्याच्या नावाची पाटी यांची अट नसावी. आपली सुवार्तेची साक्ष आपण झाकून ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. ती उघडपणे द्यावी. मात्र जेथे साक्ष द्यावयाची तेथे साक्ष द्यावी आणि जेथे ऋण फेडावयाचे तेथे ऋण फेडावे. एकाच्या पोटात दुसरे लपविल्याने दोन्ही बिघडतात, हे मिशनच्या इतिहासाने दाखविले आहे.

रक्कम मोठीच असावी असेही नाही. कोकणातील एखाद्या सभास्थानाच्या दिव्याचे वर्षाचे तेल, दफनभूमीच्या कुंपणाची दुरुस्ती, एका वृद्धेचे औषधपाणी, एवढेही पुरे. ज्यांच्याजवळ पैसा नाही अशा मंडळीने जवळच्या सभास्थानाच्या विश्वस्तांशी ओळख ठेवावी, सणाच्या दिवशी भेटावे, आणि जागेवर कोणी अतिक्रमण केल्यास त्यांच्या बाजूने उभे राहावे. कोल्लमच्या ताम्रपटावर सही करणाऱ्या यहूद्यांनी मंडळीस पैसा दिला नव्हता. त्यांनी साक्ष व संरक्षण दिले होते. तेवढे तरी आपणास परत करता येईल.

शताधिपतीचे नाव शुभवर्तमानात नाही. तो कोठला, पुढे त्याचे काय झाले, हेही सांगितलेले नाही. यहूद्यांच्या वडिलांनी त्याच्याविषयी दिलेली साक्ष तेवढी लूकाने जपून ठेवली. आपल्या मंडळ्यांतून असे चार दाते निघाले आणि त्यांच्यामागे कोकणातील एखाद्या बेने इस्राएल वृद्धाने तीच साक्ष दिली, तर मंडळीने ऋणातील एक हप्ता फेडला असे आम्ही समजू.